कपाटाच्या दारात फ्लूटेड काच बसवायची आहे? आधी पल्ला खाली उतरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीच्या फ्लॅटमधलं प्लायचं वॉर्डरोब ११ वर्षांचं आहे. ७ फूट उंचीचे, दीड फूट रुंदीचे चार पल्ले, वरून गडद लॅमिनेट. खोली अंधारी वाटते म्हणून पल्ल्यांत फ्लूटेड काच, म्हणजे पन्हाळीसारख्या रेघांची काच, हवी आहे. सुतार म्हणतो, "कापाकापी कशाला, वरूनच काच चिकटवून देतो." आणि दुसरं, चिपळूणहून आणलेलं तुमच्या सासऱ्यांचं सागवानी कपाट, त्याच्या दिल्ह्यांच्या (पल्ल्याच्या चौकटीत बसवलेल्या लाकडी फळ्यांच्या) जागी नक्षीची काच घालता येईल का?

दोन्ही होईल. पण दोन्ही कामं वेगळी आहेत, आणि तुमच्या सुताराने सुचवलेला मार्ग घेऊ नका. मी २८ वर्षं फर्निचरचं काम करतोय, चिकटवलेल्या काचेच्या भाराने खाली बसलेले पल्ले मी कितीतरी वेळा सरळ करायला गेलो आहे.

आधी वजनाचा हिशेब बघू, कारण सगळं त्यावर उभं आहे. काच जड असते हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती, हे विचारलं की कोणी सांगत नाही. १ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला अडीच किलो भरते. म्हणजे ४ मिमीची काच चौरस फुटाला साधारण ९३० ग्रॅम आणि ५ मिमीची १ किलो १६० ग्रॅम. तुमचा एक पल्ला साडेदहा चौरस फुटांचा. त्यावर ४ मिमीची अख्खी काच चिकटवली तर पावणेदहा किलो वजन वाढलं. मुळात १९ मिमी प्लाय आणि दोन्ही बाजूंचं लॅमिनेट मिळून तो पल्ला १४ किलोच्या आसपास असणार. तो २४ किलोवर गेला. सात फुटी पल्ल्याला चार ऑटो हिंज (आपोआप मिटणारी बिजागरं) असतील तर ते साधारण १७ किलोपर्यंतच्या पल्ल्यासाठी असतात, पाच असतील तर २२ पर्यंत. पहिले काही महिने काही कळणार नाही. मग पल्ला हँडलच्या बाजूने खाली बसून घासायला लागेल, आणि पुढे हिंजची प्लेट ११ वर्षांच्या जुन्या प्लायमधून स्क्रूसकट बाहेर येईल.

आता दुसऱ्या बाजूने बघा. पल्ल्याचा मधला भाग कापून काढला आणि तिथे ५ मिमीची काच घातली, तर वजन वाढतच नाही. प्लाय-लॅमिनेट चौरस फुटाला साधारण १ किलो ३०० ते ४०० ग्रॅम जातं, काच त्यापेक्षा थोडी हलकीच. त्यामुळे हिंज आहेत तेच चालतील.

शिवाय फ्लूटेड काचेचं सगळं सौंदर्य आरपार येणाऱ्या उजेडात असतं. मागे कपड्यांचे रंग पुसट, उभ्या रेघांत विरघळल्यासारखे दिसतात, ती त्या काचेची मजा. गडद लॅमिनेटवर ती चिकटवली तर नुसती चकचकीत पन्हाळी दिसेल. अंधार आहे तसाच राहील.

तेव्हा कापायचं. पण कापण्याजोगा पल्ला आहे का, हे आधी तपासायचं.

एक पल्ला हिंज सोडवून खाली उतरवा. जागेवर उभा ठेवून केलेली तपासणी फसवते. आतल्या कडेला, जिथे हिंजची ३५ मिमीची वाटी बसते, तिथे बघा: थर दिसतात की भुसा दाबल्यासारखं काही दिसतं? थर म्हणजे प्लाय किंवा ब्लॉकबोर्ड. भुसा म्हणजे पार्टिकल बोर्ड. पार्टिकल बोर्डाचा पल्ला मधून कापला की उरलेल्या तीन इंची चौकटीत जीव राहत नाही, तिथे थांबा. तयार ॲल्युमिनियम प्रोफाइलचे काचेचे पल्ले करून घ्या, जुने हिंज-होल बुजवा आणि विषय संपवा. प्लाय असेल तर बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक करत जा. आवाज एकसारखा भरीव हवा. मध्येच पोकळ वाजला तर थर सुटले आहेत. मग पल्ल्याच्या वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून धरा. मधोमध दोरा आणि पल्ला यांत एक सुतापेक्षा (इंचाच्या आठव्या भागापेक्षा) जास्त फट दिसली तर पल्ल्याने बाक धरला आहे. कापल्यावर तो बाक वाढेल, कमी होणार नाही. लांब, उभ्या पल्ल्यात मधलं प्लाय हेच त्याला सरळ धरून ठेवत असतं, आणि आपण नेमकं तेच काढणार आहोत.

म्हणून मी सात फुटी पल्ल्यात कधीही एकच लांबलचक खिडकी पाडत नाही. तुमच्यासाठी माझं माप असं: खालचे २० इंच प्लाय तसंच ठेवा. तिथे पाय लागतो, झाडू लागतो, ओला पोछा लागतो, लहान मूल खेळण्यातली गाडी तिथेच आपटतं. दोन्ही बाजूंना आणि वर तीन ते साडेतीन इंचांची चौकट सोडा. हिंजची वाटी कडेपासून जवळजवळ ४० मिमी आत जाते, तेव्हा तीन इंचांपेक्षा कमी सोडू नका. दुकानातल्या कॅटलॉगात दिसणारी बारीक दीड इंची चौकट धातूची असते, ती प्लायमध्ये करता येत नाही. आणि हँडलच्या उंचीवर, जमिनीपासून ३८ ते ४२ इंचांच्या मध्ये, चार इंचांची आडवी पट्टी ठेवा. एका पल्ल्यात दोन तावदानं होतील, खालचं लहान आणि वरचं मोठं. दिसायलाही ते चांगलं दिसतं, हँडलला भक्कम जागा मिळते, आणि पल्ला पिळ धरत नाही.

कापताना दर्शनी बाजू खाली, गोधडीवर. कटर आणि जिगसॉ दोन्हींचं पातं वरच्या बाजूचं लॅमिनेट उडवतं, म्हणून वरची बाजू कपाटाच्या आतली असू दे. आखणीच्या रेघेवर मास्किंग टेप मारा, धारदार सुरीने लॅमिनेटला आधी रेघ पाडा, कोपऱ्यात ड्रिलने भोक पाडा आणि मग पातं घाला. एवढं करूनही कुठे कुठे कपची उडतेच. त्याची काळजी करू नका, कारण उघड्या प्लायवर काच टेकवायचीच नाही.

इथे सागवानी पट्टीचं काम येतं आणि बहुतेक घाईची कामं इथेच बिघडतात. खिडकीच्या चारही बाजूंनी खाच पाडलेली सागाची पट्टी बसवायची. पट्टीला पुढून एक ओठ असतो, तो लॅमिनेटवर दोन सूत चढतो आणि कपच्या झाकतो. आतल्या बाजूला काच टेकण्यासाठी खाच. पल्ल्याची जाडी १९ मिमी धरली तर वाटणी अशी होते: पुढचा ओठ ६, फोमची टेप १, काच ५, आणि मागून बंद करायची सुटी बीडिंग (बारीक लाकडी पट्टी) ७. बेरीज १९. काम सुरू होण्याआधी ही बेरीज कागदावर मांडा. मागची बीडिंग पल्ल्याच्या बाहेर आली तर कपाट बंद होताना आतल्या फळीला आपटते. लॅमिनेट धरून तुमचा पल्ला २० किंवा २१ मिमीचा निघाला तर ती जास्तीची जाडी बीडिंगला द्या, ओठाला नको.

पट्टी बसली, पॉलिश झालं, की मगच काचेचं माप. आधी नाही. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या, उंचीही तीन ठिकाणी, आणि प्रत्येकातलं सगळ्यात लहान माप धरा. कर्ण मोजा. दोन कर्ण सारखे आले तर चौकट गुण्यात आहे. मग दोन्ही मापांतून ३-३ मिमी वजा करा आणि ते माप मिलिमीटरमध्ये, इंग्रजी आकड्यांत, कागदावर लिहून काचवाल्याला द्या. फोनवर सूत-इंचात सांगू नका. सुताराचे "बारा इंच एक सूत कमी" आणि कारखान्यात ऐकलेले "बारा इंच एक सूत" यात काच वाया जाते, आणि टफन काच (भट्टीत तापवून मजबूत केलेली) एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कडही घासता येत नाही. एक मिलिमीटर जास्त झाली तरी ती काच गेली. मी पातळ हार्डबोर्डचा तुकडा त्या मापाचा कापून खाचेत बसवून बघतो, हलकेच खाली पडला तर तोच तुकडा नमुना म्हणून कारखान्यात पाठवतो. चार पल्ल्यांची आठ तावदानं असतील तर आठही तुकडे वेगळे, प्रत्येकावर नंबर आणि वरच्या दिशेचा बाण.

बाण फ्लूटेडसाठी फार महत्त्वाचा. रेघा उभ्या हव्यात की आडव्या, हे लिहून दिलं नाही तर शीटमध्ये जसं बसेल तसं कापलं जातं. शेजारी शेजारी पल्ल्यांत एकात उभ्या आणि एकात आडव्या रेघा आल्या की बदलण्यावाचून इलाज नसतो. रेघांची बाजू आत ठेवा आणि गुळगुळीत बाजू बाहेर. हात गुळगुळीत बाजूला लागतात, फडकं एकदा फिरवलं की झालं. पन्हाळीत तेलकट बोटांचे डाग आणि धूळ बसली तर दर आठवड्याला ब्रश घेऊन बसावं लागतं. सँडब्लास्ट केलेली नक्षी घेतली तर तिचीही खरखरीत बाजू आतच.

टफनच घ्या. यात मी तडजोड करत नाही. वॉर्डरोब झोपायच्या खोलीत असतं, रात्री अंधारात माणूस उठतो, मुलं गादीवर उड्या मारतात. साधी काच फुटली की तिचे सुरीसारखे लांब तुकडे होतात. टफन काच ६२० ते ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून हवेच्या झोताने झपाट्याने गार केलेली असते. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबलेला आणि गाभा ताणलेला राहतो, आणि फुटली तर साखरेच्या खड्यांसारखे बारीक तुकडे होतात. काच हातात आली की कोपऱ्यात बारीक शिक्का असतो तो शोधा. भारतीय मानक आयएस २५५३ हे सुरक्षा-काचेचं मानक, त्याचा उल्लेख बिलावर मागा. शिक्का दिसला नाही तर पोलराइज्ड गॉगल लावून उन्हात तिरक्या नजरेने बघा, टफन काचेवर फिकट ठिपके किंवा पट्टे उमटलेले दिसतात. जाडी ५ मिमी ठेवा. त्याहून पातळ काच भट्टीत लहरते आणि प्रतिबिंब वेडंवाकडं दिसतं.

एक अपवाद आहे: शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेली रंगीत काच, म्हणजे खरं स्टेन्ड ग्लास, टफन होत नाही. तशी हवी असेल तर तिच्या मागे टफनची साधी काच लावून दोन्ही मिळून एका खाचेत बसवायची, आणि त्यासाठी खाचेची खोली वाढवून घ्यायची. १९ मिमीच्या पल्ल्यात ते जमवणं कठीण आहे, सागाच्या जाड पल्ल्यात जमतं.

आता बसवणं. टफन काचेचं तोंड कितीही दणकट असलं तरी तिची कड नाजूक असते. तळहाताने थोपटलं तर काही होत नाही, पण कोपरा व्हिट्रीफाइड टाइलवर टेकला की अख्खी काच क्षणात ढीग होते. माझ्या डोळ्यांसमोर हे झालं आहे. पोरगा काच घेऊन जिन्यावरून आला, दमला, आणि टेकवायला म्हणून जमिनीवर उभी केली. इतका हलका आवाज झाला की मला वाटलं कोणीतरी तांदूळ सांडले. त्याला लागलं नाही, पण त्या दिवसापासून माझ्या साइटवर काच येण्याआधी जमिनीवर पुठ्ठा आणि दोन लाकडी पट्ट्या पडलेल्या असतात.

पल्ला आडवा, दर्शनी बाजू खाली. ओठाच्या आतल्या बाजूला १ मिमीची फोम टेप चौफेर. मग काच, आणि मग रबराचे छोटे ठोकळे. हे ठोकळे कुठे ठेवायचे हे फार कमी लोक सांगतात. हिंजवर लटकणारा पल्ला कायम हँडलच्या बाजूने खाली झुकू बघतो. म्हणून एक ठोकळा खाली, हिंजच्या बाजूच्या कोपऱ्याजवळ. आणि दुसरा वर, हँडलच्या बाजूच्या कोपऱ्याजवळ. कर्णावर. असं केलं की झुकू पाहणारा पल्ला काचेवर येऊन थांबतो आणि काच आतून तिरक्या टेकूसारखं काम करते. ठोकळे उलट कर्णावर ठेवले तर काहीच उपयोग नाही. बाकी दोन कोपऱ्यांत एक एक सैल ठोकळा, नुसता खडखडू नये एवढ्यासाठी. काचेची कड लाकडाला कुठेही थेट टेकलेली नको. लाकडाने काच धरून ठेवायची, आवळायची नाही.

मागची बीडिंग आधी आखूड, वर आणि खाली. मग लांब पट्ट्या थोड्या वाकवून मध्ये खटकन बसवायच्या. ती खिळ्यांनी ठोकू नका, बारीक स्क्रूने आवळा, तेही आधी भोक पाडून, काचेपासून उलट दिशेला तिरकं. एअर गनची बिनडोक्याची पिन लाकडातली गाठ लागली की वळते, आणि वळून काचेच्या कडेत घुसली की काय होतं ते वर सांगितलं. स्क्रूचा आणखी एक फायदा: उद्या काच बदलायची झाली तर दहा मिनिटांचं काम.

सिलिकॉनची इथे गरज नाही. तरीही कोणी लावत असेल, किंवा तुम्ही पुढे लॅकर्ड (मागून रंग दिलेली) काच अथवा आरसा लावणार असाल, तर ट्यूबवर न्यूट्रल लिहिलेलंच आणायला सांगा. व्हिनेगरसारखा आंबट वास मारणारं स्वस्त सिलिकॉन मागच्या रंगाला खातं, आणि सहा-आठ महिन्यांत पुढून ढगाळ डाग दिसायला लागतात.

पल्ले परत चढवल्यावर हिंजचे स्क्रू फिरवून सगळ्या फटी सारख्या करा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा करा. पल्ला आदळतो त्या जागी पारदर्शक बंपर चिकटवा. आतलं लॅमिनेट गडद असेल तर काच घालूनही खोली उजळणार नाही. पाठीमागच्या फळीला फिका रंग द्या, त्याने खूप फरक पडतो.

आता सासऱ्यांचं कपाट.

सागवानी पल्ल्यात दिल्हा खाचेत सरकवलेला असतो आणि चारही बाजूंनी चौकट त्याला धरून असते. चौकटीचे सांधे सोडवू नका. कोकणातल्या जुन्या कामात कूस, म्हणजे सांध्यात घुसणारं लाकडाचं टोक, लाकडी खुंटीने बांधलेली असते. ती खुंटी ठोकून काढली की सांधा पुन्हा तसा घट्ट बसत नाही. त्याऐवजी पल्ला पालथा घाला आणि खाचेची फक्त मागची भिंत कापून काढा. ट्रिमरला (हातात धरून खाच पाडायच्या यंत्राला) बेअरिंगचा बिट, म्हणजे फिरतं पातं, लावायचा, एका दमात तीन मिमीपेक्षा जास्त खोल जायचं नाही, आणि हात डावीकडून उजवीकडे सावकाश न्यायचा. जुना साग बिटखाली वेगळाच वाजतो, भुसा पिवळा, तेलकट, बोटाला चिकटणारा पडतो आणि इतक्या वर्षांनीही त्याचा वास ताजा असतो. चारही बाजूंची भिंत गेली की दिल्हा मागच्या बाजूने अलगद वर येतो. बिट कोपऱ्यात गोलाई सोडतो, ती पटाशीने काटकोनात कापायची. इथे घाई केली तर काचेचा टोकदार कोपरा त्या गोलाईवर टेकतो, आणि पुढे तडा तिथूनच जातो.

माप घेताना सागाला प्लायपेक्षा जास्त मोकळीक द्या, एकूण ४ ते ५ मिमी. साग शांत लाकूड आहे, पण पावसाळ्यात रुंदीला तोही थोडा फुगतोच. ठाण्यातल्या एका घरी दुसऱ्या कोणीतरी डिसेंबरात साधी काच घट्ट दाबून बसवली होती. जुलैच्या एका रात्री ती कोपऱ्यापासून तिरकी तडकली, आणि मला बोलावणं आलं. चौकट दोन्हीकडून एकेक मिलिमीटर आत आली होती, तेवढंच पुरलं.

काढलेले दिल्हे टाकू नका. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहा: डावा पल्ला वरचा, डावा पल्ला खालचा, उजवा वरचा, उजवा खालचा. वर्तमानपत्रात गुंडाळून, आडवे, कोरड्या जागी ठेवा. खाचेची मागची भिंत आता स्क्रूच्या बीडिंगची झाली आहे. त्यामुळे कधी वाटलं तर काच काढून तेच दिल्हे त्याच जागी परत बसतील.